तक्ता भरणारे आणि तक्ता मांडणारे

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारात वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने दाटीने उभे आहेत. अशा कारखान्याच्या गुणवत्ता विभागात दिवसाची सुरुवात बहुधा एका एक्सेल शीटने होते. आदल्या दिवशी किती जॉब रिजेक्ट झाले, कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कोणत्या दोषामुळे, याच्या नोंदी एकाखाली एक पडलेल्या असतात. त्यांचे पिव्होट टेबल काढले की चार मिनिटांत चित्र समोर येते. दुसऱ्या पाळीत एकाच मशीनवर भोकाचे माप चुकते आहे असे दिसले, तर पुढचा प्रश्न थेट त्या मशीनपाशी जाऊन विचारता येतो. या कारखान्यांतल्या कामगारांची मुले ज्या शाळांत जातात, तिथेही संगणक असतो, एक्सेल असते आणि नोंदी तर भरपूर असतात. पण तिथे शीट उघडते ती वरून मागितलेली माहिती भरण्यासाठी, आणि भरून झाली की बंद होते. हा फरक पैशांचा आहे असे मला वाटत नाही. तो स्प्रेडशीटच्या मधल्या पायरीवरच्या दहा-बारा कौशल्यांचा आहे. ती शिक्षकांना आली, तर स्वतःच्याच वर्गाच्या नोंदींना प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांच्याकडे परत येईल.

मधली पायरी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. नावे टाइप करणे, बेरीज-सरासरी काढणे, रेघा मारून तक्ता छापणे ही पहिली पायरी. ती महाराष्ट्राने बऱ्यापैकी ओलांडली आहे. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीत संगणक अर्हता म्हणून मान्य झाला आणि गावोगावच्या शिक्षकांनी तो केला. त्यापुढे अट घालून मोजणे, एका तक्त्यातली माहिती दुसऱ्यात शोधून आणणे, चुकीची नोंद आत येऊच न देणे, नोंदी हव्या त्या दिशेने उलटून-पालटून पाहणे, ही मधली पायरी. काउंटइफ, लुकअप, डेटा व्हॅलिडेशन, कंडिशनल फॉरमॅटिंग, पिव्होट टेबल ही त्यांची नावे. प्रोग्रॅमिंग यात कुठेच नाही. आणि हे साधन शाळेला परके आहे असेही नाही. १९७८ साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनने पाहिले, की फळ्यावरच्या हिशेबात एक आकडा बदलला की प्राध्यापकांना त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. त्यातून त्याला सुचलेला आणि बॉब फ्रँक्स्टनबरोबर त्याने घडवलेला व्हिजिकॅल्क हा प्रोग्रॅम १९७९ मध्ये बाजारात आला. आजच्या एक्सेलचा आणि गुगल शीट्सचा तो पूर्वज.

आता वर्गातले उदाहरण घेऊ. समजा सहावीच्या वर्गात अपूर्णांकांच्या बेरजेवर दहा प्रश्नांची, वीस गुणांची चाचणी झाली. निकालपत्रकात प्रत्येक मुलासमोर एक आकडा येतो. दोन मुलींना वीसपैकी बारा-बारा मिळाले, म्हणून त्या शेजारी-शेजारी बसतात. परंतु शिक्षकाने बेरीज लिहिण्याऐवजी प्रत्येक प्रश्नाला एक रकाना दिला आणि चुकलेल्या उत्तरापुढे नुसते शून्य न लिहिता चुकीचा प्रकार लिहिला, तर हा तक्ता बोलू लागतो. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे लिहिणारे मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते आहे. त्याला ‘क’ म्हणू. छेद समान करून अंश तसाच ठेवणाऱ्याला ‘ख’. पद्धत बरोबर, पण पाढा चुकला, त्याला ‘ग’. प्रश्न सोडून दिला, त्याला ‘घ’. प्रत्येक रकान्याखाली काउंटइफची चार सूत्रे लिहिली की कोणत्या प्रश्नाला कोणती चूक किती जणांनी केली ते कळते. मग त्या दोन मुलींपैकी एकीच्या ओळीतल्या चुका सगळ्या ‘क’ आणि दुसरीच्या ओळीतल्या सगळ्या ‘ग’ दिसतील. पहिलीला अपूर्णांकाची कल्पनाच पुन्हा द्यावी लागेल, दुसरीला पाढ्यांचा सराव पुरेल. बारा या आकड्याने दोघींना सारखेच ठरवले होते. अनुभवी शिक्षक हे वही तपासताना ओळखतात, हे खरे. पण चाळीस वह्या तपासून झाल्यावर ‘छेदांची बेरीज करणारे नेमके किती?’ याचे उत्तर आठवणीतून देणे कुणालाही अवघड, आणि उद्याचा तास संपूर्ण वर्गासाठी घ्यायचा की सहा मुलांना बाजूला घेऊन, हे त्या उत्तरावरच ठरते.

यावर कुणी म्हणेल, की आमच्याकडे तयार फाइल आहे, गुण भरले की श्रेणी आपोआप येते. या तयार फाइलींचे श्रेय मोठे आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आकारिक आणि संकलित गुणांचे इयत्तेनुसार वेगवेगळे भारांश आले, नऊ श्रेणी आल्या आणि शिक्षकांच्या रात्री आकडेमोडीत जाऊ लागल्या. तेव्हा राज्यातल्या अनेक तंत्रस्नेही शिक्षकांनी स्वतःच्या वेळात एक्सेलची निकालपत्रके बनवली आणि फुकट वाटली. हे काम कौतुकाचेच आहे. अडचण ती फाइल वापरणाऱ्याची होते. सूत्रे कुलूपबंद असतात, पासवर्ड बनवणाऱ्याकडे असतो आणि आत काय चालले आहे हे कळत नाही. एक बारीक गोष्ट पाहा. एखाद्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात ८० आणि दुसऱ्या सत्रात ८१ गुण आहेत. सरासरी ८०.५. सेलला दशांश न दाखवण्याची सूचना असेल तर पडद्यावर ८१ दिसते. ८१ ते ९० गुणांना अ-२ श्रेणी. पण लुकअपचे सूत्र पडद्यावरचा आकडा पाहत नाही, सेलमधला खरा आकडा पाहते. तो ८०.५ आहे, ८१ च्या खाली आहे, म्हणून त्याच्यासमोर ब-१ येते. प्रगतिपुस्तकावर ८१ आणि ब-१ शेजारी-शेजारी छापले जातात. पालक विचारायला येतात तेव्हा ‘फाइलमधूनच तसे आले’ एवढेच शिक्षक सांगू शकतात. राउंडचे सूत्र आधी लावायला हवे होते, एवढीच गोष्ट. ती ज्याला कळते त्याला त्या निकालाची जबाबदारी घेता येते.

तयार फाइलची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ती सगळ्या राज्यासाठी बनलेली असते, त्यामुळे एखाद्या जागेचा म्हणून असलेला प्रश्न तिच्यात नसतो. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शाळेची सुट्टी रविवारी. म्हणजे भोसरी-चाकण परिसरातल्या कितीतरी घरांत वडील घरी असतात तेव्हा मुलाची शाळा असते, आणि मुलाला सुट्टी असते तेव्हा वडील कामावर. मग गुरुवारी गैरहजेरी वाढते का? दवाखाना, बाजार, नातेवाइकांकडे जाणे, गावी फेरी, ही सगळी कामे त्या दिवशी निघतात का? कोणतेही पोर्टल हा प्रश्न विचारणार नाही. महिन्याच्या हजेरीपटावर तो सहज दिसतही नाही, कारण तिथे तारखा आडव्या असतात आणि वारानुसार बेरीज कुणी करत नाही. तो पाहायचा तर मांडणी बदलावी लागते. हजेरीपट जसाच्या तसा उतरवण्याऐवजी फक्त गैरहजेरीची यादी करायची. एका गैरहजेरीला एक ओळ, तिच्यात तारीख, हजेरी क्रमांक, कारण. तारखेवरून वार काढणारे एक सूत्र, आणि त्यावर पिव्होट टेबल. आलेल्या संख्येला त्या वारी शाळा किती दिवस भरली त्याने भागायचे, कारण एखाद्या महिन्यात पाच गुरुवार आणि चारच सोमवार असतात. सारे काम अर्ध्या तासाचे आहे. उत्तर ‘नाही, काही फरक नाही’ असेही येईल, आणि तेही उपयोगाचेच. ‘हो’ आले, तर चाचणी आणि नवा घटक गुरुवारी न ठेवणे शिक्षकाच्या हातात आहे. आणि वडिलांना भेटायचे असेल, तर शनिवारच्या पालकसभेपेक्षा गुरुवारची सभा भरण्याची शक्यता जास्त, हेही त्याच तक्त्यातून सुचते.

या भागातल्या वर्गांची आणखी एक खूण म्हणजे वर्षाच्या मध्ये येणारी आणि जाणारी मुले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को आणि बजाज आले. १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर पोहोचली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून माणसे येत राहिली. कंत्राट बदलले की कुटुंब भाड्याची खोली बदलते, आणि मुलाची शाळाही बदलते. दिवाळीनंतर दाखल झालेल्या मुलाची उपस्थिती जूनपासूनच्या कामाच्या दिवसांनी भागली, तर तो निम्मे वर्ष गैरहजर ठरतो. प्रत्यक्षात दाखल झाल्यापासून त्याने एकही दिवस बुडवलेला नसेल. इथे दाखल तारखेचा एक रकाना आणि त्या तारखेनंतरचेच कामाचे दिवस मोजणारे काउंटइफ्सचे सूत्र पुरते. सरासरीच्या बाबतीतही तेच. दाखल होण्यापूर्वीच्या चाचणीची जागा मोकळी सोडली, तर सरासरीचे सूत्र ती जागा वगळते. शून्य लिहिले, तर ते शून्य धरून सरासरी खाली ओढते. मोकळी जागा आणि शून्य यांतला हा फरक स्थलांतरित मुलाच्या प्रगतिपुस्तकावर एका श्रेणीचा फरक पाडू शकतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, की सूत्र कसे लिहिले यात मुलाला न्याय मिळणे किंवा न मिळणे दडलेले असते.

म्हणूनच अर्धवट ज्ञानाचा धोकाही मांडायला हवा. स्प्रेडशीट चुकीचे उत्तर तितक्याच ठामपणे देते. नावांचा एकच रकाना निवडून अकारविल्हे लावला, तर नावे हलतात आणि गुण जागच्या जागी राहतात, मग एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. पाचवीची दुसरी तुकडी म्हणून ‘५-२’ असे इंग्रजी अंकांत लिहिले, की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. राज्याच्या ‘सरल’ या शालेय माहिती प्रणालीतला विद्यार्थ्याचा १९ अंकी क्रमांक संख्या म्हणून भरला, तर एक्सेल पंधरा अंकच नेमके धरते आणि शेवटचे चार अंक शून्य होतात. तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवावा लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली मराठी नावे क्रमाने लावता येत नाहीत, कारण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे असतात. अशा चुका मोठ्यांकडूनही होतात. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा राष्ट्रीय कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा निबंध जगभर उद्धृत झाला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी अभ्यासक्रमातला सराव म्हणून तीच गणिते पुन्हा करत होता. त्याला आढळले, की एक्सेलमधल्या सरासरीच्या सूत्राने वीसपैकी पाच देश गाळले होते. त्या निबंधावर इतरही आक्षेप होते, पण ही चूक सापडली ती मूळ शीट उघडून सूत्र वाचल्यामुळे. सूत्र वाचता येणे, म्हणजे मधली पायरी.

सर्वांत जोरदार आक्षेप शिक्षकांचाच असतो, आणि तो मी गंभीरपणे घेतो. ‘सरल’, यूडायस प्लस, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्त्या, आधार जुळणी आणि रोज एखादी नवी लिंक. शिकवायला वेळ कुठे उरतो? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे. माहिती भरण्याचे काम मात्र शैक्षणिक म्हणून गणले जाते आणि वाढत राहते. त्यात एक्सेलची आणखी भर कशाला? माझे उत्तर असे, की हा भार कमी व्हायलाच हवा आणि त्यासाठी संघटनांनी भांडायलाच हवे. पण त्या भाराचा मोठा भाग एकच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा लिहिण्याचा असतो. नाव, जन्मतारीख, दाखल क्रमांक, बँक खाते असलेली एकच नीट यादी शाळेकडे असली, तर प्रत्येक नवा नमुना लुकअपने त्या यादीतून भरता येतो. पोषण आहाराचे उदाहरण घ्या. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. उपस्थितीचा आकडा एकदा लिहिला की रोजचा खर्च, शिल्लक आणि महिनाअखेरची मागणी यांची सूत्रे एकदाच लिहायची असतात. वाचलेला वेळ वर्गासाठी राहिला पाहिजे, एवढी मात्र अट. तो वेळ पाहून वरून आणखी एक तक्ता मागवला जाणार असेल, तर शिक्षकांची नाराजी रास्त ठरेल.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. मूल म्हणजे जॉब नव्हे, आणि कारखान्याची पद्धत शाळेत आणली तर मुलांचेही रिजेक्शन सुरू होईल, असे अनेक विचारी शिक्षक म्हणतात. ही भीती खरी आहे. आकडे हातात आले की क्रमवारी लावण्याचा मोह होतो. मुलांची, मग तुकड्यांची, मग शिक्षकांची. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांचे गुण टाकले जातात, नापास मुलाच्या नावावर लाल रंग असतो, आणि तो शेजारच्या दहा घरांत पोहोचतो. यावर उपाय आकडे टाळणे हा नाही. तक्ता कोणत्या दिशेने वाचायचा, हे शिक्षकाने ठरवण्यात तो आहे. आडवी ओळ मुलाची असते, उभा रकाना प्रश्नाचा. लाल रंग रकान्याला द्यावा. चाळीसपैकी तीस मुलांचा एकच प्रश्न चुकला असेल, तर चूक शिकवण्यात, पुस्तकात किंवा प्रश्नाच्या शब्दांत शोधायची. कारखान्यातले चांगले गुणवत्ता अभियंतेही पहिल्यांदा प्रक्रियेत दोष शोधतात, कामगारात नाही. मुलाची ओळ ही त्याची, त्याच्या पालकांची आणि शिक्षकांची. मुलांच्या वैयक्तिक माहितीला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने विशेष जपणूक दिली आहे, पण कायदा नसता तरी हे पथ्य पाळायला हवे होते. आणि छोट्या संख्येचे भान ठेवायला हवे. चाळीसच्या वर्गात तीन मुले म्हणजे साडेसात टक्के. एका तापाच्या साथीने असा फरक पडतो. दोन-तीन महिने तीच गोष्ट दिसली, तरच ती गोष्ट.

राहिले साधनांचे आणि नव्या तंत्राचे प्रश्न. लॅपटॉप नसेल तर फोनवर गुगल शीट्समध्ये नोंदी भरता येतात आणि पिव्होटसाठी शाळेतला एक संगणक आठवड्यातून तासभर मिळाला तरी भागते. लिबरऑफिस कॅल्क फुकट आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आता सूत्रे लिहून देते, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाते. सूत्र लिहून मिळेल, ते बरोबर आहे का हे ओळखायला ते वाचता आले पाहिजे. आणि गुरुवारचा प्रश्न सुचायला तर वर्गासमोर उभे राहावे लागते.

हे शिकवण्याची जागा आधीच अस्तित्वात आहे. केंद्रस्तरावर दरमहा शिक्षण परिषद होते. तिथे प्रोजेक्टरवर दुसऱ्याची शीट दाखवण्याऐवजी प्रत्येकाने आपल्याच वर्गाच्या मागच्या महिन्याच्या गैरहजेरीची यादी घेऊन यावे, आणि एका बैठकीत एकच कौशल्य हाताने करून जावे. वर्षभरात मधली पायरी पूर्ण होते. केंद्रप्रमुखांनी आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाने एवढे ठरवावे. आणि चाकण, भोसरी, तळवड्याच्या कंपन्यांना एक विनंती. सामाजिक जबाबदारीच्या निधीतून पडदे आणि टॅब देता, ते द्याच. पण सोबत आपल्या गुणवत्ता विभागातला एक माणूस महिन्यातून एकदा दोन तास जवळच्या शाळेत पाठवा. गुरुवारी कारखाना बंद असतो आणि शाळा चालू. मात्र त्याची सुट्टी खर्ची घालू नका, तो दिवस कामाचा धरून त्याचा पगार द्या.